दुखवट्याची तिथी

आपल्याकडे ज्याची मृत्युतिथी ठाऊक नाही त्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला घालतात. माणूस कुठे गेला, कधी गेला, काही कळलं नाही. तरी पान तर वाढलंच पाहिजे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ज्यू धर्मगुरूंपुढे नेमका हाच पेच होता, फक्त आकडा नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचा होता. ज्यू घरांत आईवडिलांच्या तिथीला दिवा लावतात, कद्दिश ही प्रार्थना म्हणतात. ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत उतरवलेल्या गाडीतल्या बाईची तिथी कोण सांगणार? तिच्यामागे सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने मग तेवेत महिन्याची दहावी तिथी नेमून दिली. हा मूळचा उपासाचा दिवस, बाबिलोनच्या राजाने जेरुसलेमला वेढा घातला त्याच्या आठवणीचा. ज्यांची तारीख माहीत नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी कद्दिश म्हणा, असं धर्मपीठाने सांगितलं. थोडक्यात, ज्यूंची सर्वपित्री.

नव्या राज्याला तेवढं पुरलं नाही. क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, 12 एप्रिल 1951 रोजी वेगळी तारीख ठरवली. बऱ्याच सभासदांच्या मनात वॉर्सा घेट्टोचा, म्हणजे तिथल्या कोंडलेल्या ज्यू वस्तीचा, नाझींविरुद्धचा उठाव होता. तो 19 एप्रिल 1943 ला सुरू झाला, आणि तो दिवस होता ज्यू पंचांगातली 14 निसान, वल्हांडणाची पूर्वसंध्या. ऐन सणाच्या तोंडावर दुखवटा कसा पाळायचा? शेवटी सण संपल्यावरची 27 निसान धरली. उठाव काही आठवडे चालला होता, त्यामुळे ही तिथीही उठावाच्या दिवसांतच येत होती. आता निसान हा आनंदाचा महिना, त्यात शोकाच्या प्रार्थनाही वर्ज्य. म्हणून अनेक कर्मठ ज्यू आजही ही तारीख मानत नाहीत. सकाळी दहाला भोंगा वाजतो, रस्त्यातल्या गाड्या थांबतात, लोक दार उघडून बाहेर दोन मिनिटं उभे राहतात, आणि त्यांच्या वस्तीतला एखादा माणूस तसाच चालत राहतो. दर वर्षी त्याचे फोटो निघतात, दर वर्षी भांडण होतं. त्याला दुःख नाही असं नव्हे. त्याची तिथी वेगळी आहे.

मला या प्रकरणात रस आहे तो एवढ्यासाठी, की राष्ट्रीय आठवण ही आपोआप उगवत नाही, हे इथे उघड्यावर दिसतं. कुणीतरी प्रस्ताव मांडतो, कुणीतरी पंचांग काढून बसतो, मतं मोजली जातात. तेवेतची दशमी सांगते की माणसं मेली. 27 निसान सांगते की माणसं लढून मेली. त्या दिवसाच्या पूर्ण नावात ‘संहार’ आणि ‘शौर्य’ हे दोन्ही शब्द जोडीने आहेत. 1953 च्या कायद्याने याद वाशेम ही स्मृतिसंस्था निघाली, तिच्याही नावात हुतात्मे आहेत आणि वीर आहेत. आता साठ लाखांत हातात पिस्तूल आलेले किती होते? मूठभर. ते मूठभर नावात निम्मी जागा घेऊन बसले.

हे का झालं ते समजायला अवघड नाही. 14 मे 1948 ला, शुक्रवारी दुपारी चार वाजता, तेल अवीवच्या संग्रहालयाच्या दालनात पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी ज्यू राज्याची चळवळ उभारणाऱ्या हर्झलच्या तसबिरीखाली उभं राहून राज्याची घोषणा वाचली. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा शनिवार, लागणार म्हणून घाई होती, आणि मध्यरात्री ब्रिटिशांचा ताबा संपणार होता. घोषणेवर 37 जणांच्या सह्या आहेत. त्यातले काहीजण त्या दिवशी वेढ्यात अडकलेल्या जेरुसलेममध्ये होते, त्यांनी मागाहून केल्या. दुसऱ्या दिवशी शेजारी देशांच्या फौजा शिरल्या. राज्यात ज्यूंची वस्ती तेव्हा साडेसहा लाखांच्या आसपास. पुढच्या साडेतीन वर्षांत ती दुप्पट झाली. आलेल्यांत एकीकडे छळछावण्यांतून वाचलेले, दुसरीकडे बगदाद, येमेन, मोरोक्कोकडचे. अशा खिचडीला एका ताटात घालायचं तर गोष्ट एकच हवी, आणि ती कण्याला ताठ करणारी हवी. युरोपातले ज्यू मेंढरांसारखे गेले, हा कुत्सित सूर त्या काळच्या इस्रायलमध्ये होता आणि तो वाचलेल्यांनी रोज ऐकला. हातावरचा नंबर लांब बाहीखाली झाकून ते कामाला जात. 1961 मध्ये जेरुसलेमला ज्यूंना छावण्यांत धाडणाऱ्या आइकमान या नाझी अधिकाऱ्याचा खटला उभा राहिला, शंभराच्या आसपास साक्षीदार एकामागून एक बोलले, रेडिओवरून घराघरांत ते ऐकू गेलं, तेव्हा कुठे भाकरीचा तुकडा लपवून ठेवणं, आजारी बहिणीला हजेरीच्या रांगेत खांद्याने आधार देऊन उभं करणं, हेही जगणंच होतं, हे मान्य झालं. म्हणजे शौर्याच्या व्याख्येत जरा सूट मिळायलाच दहा वर्षं गेली.

27 निसाननंतर बरोबर एका आठवड्याने येते 4 इय्यार, सैनिकांचा स्मृतिदिन. त्या संध्याकाळी जेरुसलेममध्ये हर्झलच्या टेकडीवर अर्ध्यावरचा झेंडा वर चढतो, बारा मशाली पेटतात आणि 5 इय्यार, स्वातंत्र्यदिन सुरू होतो. मधे एका रात्रीचीही उसंत नाही. ज्या बाईचा मुलगा युद्धात गेला तिला दुपारी कबरीपाशी आणि रात्री फटाक्यांत जावं लागतं. याविरुद्ध तिथल्या शोकाकुल कुटुंबांतूनच तक्रारी आलेल्या आहेत. पंचांगातले हे आठ दिवस सलग वाचले की एक वाक्य तयार होतं: मारले गेलो, लढलो, राज्य मिळवलं. शाळेतल्या पोराला कुणी समजावून सांगायची गरज नाही, कॅलेंडरच शिकवतं.

हीच कात्री जुन्या इतिहासावरही चालली. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. परंपरा सांगते की योहानान बेन झक्काई नावाचा गुरू शवपेटीत लपून वेढ्यातून निसटला आणि याव्ने गावी त्याने पाठशाळा उघडली. मंदिराशिवाय धर्म कसा चालवायचा हे तिथे ठरलं. पुढची अठराशे वर्षं ज्यू टिकले ते या पाठशाळेच्या पुण्याईने. त्याच युद्धाच्या शेवटी मसादाच्या कड्यावर शेकडो लोकांनी शरण जाण्याऐवजी एकमेकांना मारून घेतलं, असं त्या काळचा इतिहासकार योसेफस लिहितो. तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या महाग्रंथात मसादाचं नावही नाही. इतक्या पिढ्यांना ते आठवायची गरजच वाटली नाही. विसाव्या शतकात मात्र तरुणांच्या सहली मसादावर जाऊ लागल्या, 1963 ते 1965 मध्ये यिगाएल यादिन यांनी तिथे उत्खनन केलं, सैनिकांचे शपथविधी त्या कड्यावर झाले. यादिन आधी सेनाप्रमुख होते, मग पुरातत्त्वज्ञ. हा योगायोगही बोलका आहे. बार कोख्बाच्या रोमनांविरुद्धच्या फसलेल्या बंडातल्या म्हणून वाळवंटातल्या गुहेत सापडलेल्या हाडांना तर 1982 मध्ये बेगिन सरकारने सरकारी इतमामात मूठमाती दिली. याव्नेला अशी सलामी कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही. पाठशाळेला तोफा कोण उडवणार!

घोषणापत्राचं पहिलंच वाक्य घ्या. ज्यू लोक इस्रायलच्या भूमीत जन्मले, असं ते म्हणतं. पण त्यांचाच धर्मग्रंथ सांगतो की अब्राहाम बाहेरून आला, गुलामीतून सुटका मिसरात झाली आणि धर्मनियम सीनायच्या वाळवंटात मिळाले. सर्वांत मोठा तालमूद बाबिलोनचा. एवढा सगळा संसार परदेशात झालेला, तो घोषणापत्रात दोन ओळींत उरकतो: हाकलले गेले, परतीची प्रार्थना करत राहिले. म्हणजे मधली अठरा शतकं फलाटावर बसून गाडीची वाट पाहण्यात गेली. पोलंडमधल्या छळानंतर हे खरं वाटतं. कोकणातून पाहिलं की वाटत नाही.

कोकणातल्या बेने इस्रायलांची दंतकथा आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज गावोगाव तेलाचा घाणा चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणवले. गावावरून आडनावं पडली: केहीमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं प्रार्थनालय बांधलं. हे लोक प्रार्थनालयाला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं बरेचजण सांगतात. त्यांच्या सणांची जुनी नावं तर ऐकण्यासारखी आहेत. नववर्ष म्हणजे नव्याचा सण. योम किप्पुर म्हणजे दारफळणीचा सण, कारण दारं लावून आत उपास करायचा. पुरिम आपल्या शिमग्याच्या सुमारास येतो, म्हणून होळीचा सण. आणि जेरुसलेमची दोन्ही मंदिरं पडली तो अव महिन्याचा नववा दिवस, ज्यू जगातला सर्वांत काळा दिवस, त्याला नाव बिरड्याचा सण. त्या उपासाला जोडून वालाचं बिरडं व्हायचं.

वालाचं बिरडं करायचं म्हणजे वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. तासभर पाठ मोडते. जेरुसलेमची राख झाल्याचं दुःख कुणी अशा चिमटीतून पिढ्यान्पिढ्या पुढे दिलं असेल, हे मला कोणत्याही दगडी स्मारकापेक्षा जास्त पटतं. त्या घरात फलाटावर बसल्याची भावना नव्हती. ओटीवर बसून मलिदा वाटणाऱ्या, पोह्यांत गूळखोबरं कालवून एलियाहू हानबी या संदेष्ट्याचं नाव घेणाऱ्या माणसांना आपण कुठेतरी चुकून अडकलोय असं वाटत नव्हतं. त्यांचा छळ झाला नव्हता. 1948 नंतर ते निघाले ते मुख्यतः श्रद्धेने, आणि पुढे पोराबाळांच्या भवितव्यासाठी; जीव वाचवायला नव्हे.

तिथे गेल्यावर काय झालं तेही लिहायला हवं. 1951-52 मध्ये बेर-शेवाकडच्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी तेल अवीवला ज्यूइश एजन्सी या ज्यूंना देशात आणून वसवणाऱ्या संस्थेच्या दारात धरणं धरलं: आम्हाला रंगावरून वेगळं वागवलं जातं, आम्हाला भारतात परत पाठवा. काहींना खरोखरच परत पाठवलं गेलं. त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायललाच गेले, ही गोष्टही तितकीच खरी. मोठा घाव 1962 चा. मुख्य धर्मगुरू यित्झाक निस्सीम यांच्या काळात धर्मपीठाने असा निर्देश काढला, की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांची आईकडची वंशावळ तपासावी. हरकत धर्मशास्त्राची होती: इतकी वर्षं तुटून राहिलेल्या या समाजात घटस्फोटाचे आणि विधवाविवाहाचे नियम नीट पाळले गेले असतील का? हरकतीला शास्त्राचा आधार असेलही, पण जिच्या लग्नाची तारीख ठरलेली आहे त्या मुलीला आजीच्या आजीचा दाखला मागायचा! कोकणातल्या कोणत्या तलाठ्याने तो द्यायचा? 1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये क्नेसेटची खास बैठक झाली, बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत असा ठराव झाला, आणि महिनाअखेर धर्मपीठाने निर्देशातून त्यांचं नाव काढलं.

या निर्देशाचं खापर मी राष्ट्रीय आठवणीवर फोडत नाही. तो वाद वेगळ्या कोर्टातला होता. पण ज्या देशात शाळेतलं पोर वॉर्सा आणि किशिनेव इथल्या कत्तली घोकून मोठं होत होतं, त्याला नवगाव म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि म्हणून शेजारच्या बाकावरचा सावळा दिवेकर त्याला कोडं वाटला, एवढं मात्र मी म्हणेन.

गेल्या काही वर्षांत पंचांगात भर पडली आहे. अरब देशांतून आणि इराणमधून निघावं लागलेल्या ज्यूंसाठी 2014 च्या कायद्याने 30 नोव्हेंबर हा दिवस दिला. इथिओपियाहून पायी येताना सुदानात मेलेल्या हजारोंची आठवण जेरुसलेम दिनाला काढतात. इथिओपियन ज्यूंचा सिग्द हा सण 2008 मध्ये राष्ट्रीय झाला, तोही जेरुसलेमच्या ओढीचा. पाहा, आत यायची दारं दोनच: मार खाल्लेला असावा किंवा वाट पाहिलेली असावी. सुखाने घाणा चालवलेल्याला तिसरं दार नाही. दिमोनात, अश्दोदमध्ये, लोदमध्ये आज मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. तरी कोकण तिथे चविष्ट जेवणाच्या आणि हळदीच्या कार्यक्रमाच्या सदरात राहतं, इतिहासाच्या नाही.

यावर उत्तर ठरलेलं आहे, आणि ते हलकं नाही. चहूकडून वेढलेल्या लहान देशाला तिसऱ्या दाराची चैन परवडत नाही. साठ लाख गेले ते शेजाऱ्यांवर विश्वास टाकून, तेव्हा मुलांना आधी सावध राहायला शिकवा, बिरडं मागाहून. ज्याच्या घरात कुणी छावणीत गेलं नाही त्याने हे ऐकून घ्यावं, उपदेश करू नये. मी ऐकून घेतो. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर तर हे उत्तर अधिकच जोराने दिलं जातं. तरी माझा मुद्दा उरतोच. आठवण फक्त जखमेचीच ठेवली की दुसऱ्याची जखम तिची स्पर्धक दिसू लागते. 1948 मध्ये सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी अरब घरांतून निघाले वा हुसकले गेले. ते त्याला नकबा म्हणतात आणि 15 मे ला पाळतात. देर यासीन गावात 9 एप्रिल 1948 ला इर्गुन आणि लेही या ज्यूंच्या सशस्त्र टोळ्यांनी शंभरावर माणसं मारली. ती जागा याद वाशेमच्या टेकडीपासून फार लांब नाही. आणि 2011 च्या कायद्याने, जी संस्था स्वातंत्र्यदिन शोकदिन म्हणून पाळेल तिचं सरकारी अनुदान कापायचा अधिकार अर्थमंत्र्याला मिळाला. इस्रायलच्या लोकसंख्येत पाचातला एक माणूस अरब आहे. ज्या राज्याने स्वतः तिथी हुडकायला इतका खटाटोप केला, त्याला दुसऱ्याच्या तिथीची इतकी भीती वाटावी, हे मला दुबळेपणाचं वाटतं. साठ लाखांचं दुःख इतकं मोठं आहे की त्याला अनुदान कापून राखण करावी लागत नाही.

कुणी म्हणेल, मराठी माणसाने यात का पडावं? एक तर दिवेकर आपले. दुसरं म्हणजे आपल्यालाही या बाबतीत फुशारकीचा रोग आहे. ‘जगात ज्यूंचा छळ झाला नाही असा एकच देश’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक समारंभात वाजतं. कोकणापुरतं ते खरं आहे, आणि 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला हेही चांगलंच झालं, भले तोवर बहुतेक निघून गेले होते. पण तेरेखोलच्या खाडीपलीकडे उतरा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, ज्यू घराण्यातला, जुलमाने ख्रिस्ती झालेल्यांच्या पोटचा. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला त्याने औषधं दिली, आपल्याकडच्या झाडपाल्यावर 1563 मध्ये गोव्यात ग्रंथ छापला. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारं ख्रिस्ती धर्मन्यायालय, आलं. ओर्ता 1568 मध्ये वारला म्हणून वाचला. त्याची बहीण कातारीना हिला 1569 मध्ये, लपून ज्यू धर्म पाळते म्हणून, जाळलं. मग 1580 मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. पणजीत आज त्याच्या नावाची बाग आहे. संध्याकाळी लोक बाकांवर गप्पा मारत बसतात. किती जणांना माहीत असेल? आपण ‘ते पोर्तुगीजांनी केलं’ म्हणून हात झटकतो. म्हणजे राष्ट्राला सोयीचं तेवढं ठेवणं ही कला फक्त क्नेसेटलाच येते असं नाही.

1977 मध्ये बेगिन पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी सुचवलं होतं की संहाराची आठवण 27 निसानवरून हलवून अव महिन्याच्या नवव्या दिवसाला न्यावी, आणि शौर्य सैनिकांच्या दिवसाला जोडावं. म्हणजे शोक जुन्या शोकाला मिळाला असता. ते झालं नाही, वाचलेल्यांनी आणि इतरांनीही विरोध केला. झालं असतं तर निदान एक गंमत घडली असती. दिमोनातली एखादी केहीमकर आजी त्या राष्ट्रीय दिवसाच्या आदल्या रात्री वाल भिजत घालून बसली असती, आणि नातवाला शाळेत तो दिवस का पाळायचा ते सांगायला तिच्यापाशी तिची स्वतःची गोष्ट असती.